चूल घराची, भट्टी वाडीची
(द्वितीय वर्ष, कला)

मराठी भाषेत चुलीचा संसार फार मोठा आहे. नवे बिऱ्हाड थाटले की आपण 'चूल मांडली' म्हणतो. भाऊ वेगळे झाले की 'चुली वेगळ्या झाल्या' म्हणतो. सगळीकडून सारखेच रडगाणे ऐकू आले की 'घरोघरी मातीच्या चुली' असे म्हणून मनाची समजूत घालतो. त्या मानाने भट्टीच्या वाट्याला फार थोडी जागा आली. नाटक रंगले, गाणे रंगले की 'भट्टी जमली' म्हणावयाचे आणि फसले की 'भट्टी बिघडली' म्हणावयाचे, एवढेच. परंतु हे शब्द सहज वापरणाऱ्या आपणांपैकी कितीजणांनी खरी भट्टी जवळून पाहिली असेल? ती जमते म्हणजे नेमके काय होते आणि बिघडते ती कशामुळे, हे या लेखात सांगावयाचे आहे. विषय कला शाखेच्या विद्यार्थिनीला शोभेल असा नाही, असे कोणी म्हणेल. पण 'भट्टी' हा शब्द संस्कृतातील 'भ्राष्ट्र' या शब्दावरून आला आणि आपले रोजचे 'भाजणे' हे त्याच्याच कुळातले. तेव्हा भाषेच्या वाटेने का होईना, मी या विषयापर्यंत पोहोचले आहे असे वाचकांनी समजावे.

भट्टी बांधण्याचे निमित्त मात्र भाषेचे नव्हते. आमच्या तळकोकणात दिवाळीच्या आधी नानकटाई करण्याची एक जुनी रीत आहे. मैदा, रवा, तूप आणि साखर घरून घ्यायची, डबे घेऊन तालुक्याच्या बेकरीत जायचे आणि पाव भाजून झाले की त्याच भट्टीत मजुरी देऊन नानकटाई भाजून आणायची. ही रीत महाराष्ट्रात इतरत्रही आहे. आम्ही जात होतो त्या बेकरीने लाकडाची भट्टी मोडून विजेची घेतली आणि बाहेरचे पीठ भाजून देणे बंद केले. धंद्याच्या दृष्टीने त्यांचे बरोबरही असेल. पण आमच्या वाडीतल्या पाच बायकांचा गट गेली काही वर्षे दिवाळीला नानकटाईच्या ऑर्डरी घेत असे. माझी आई त्या पाचांतली एक. त्या पैशांतून कोणाच्या मुलाची फी भरली जाई, कोणाच्या घराची कौले शाकारली जात. विजेची भट्टी घ्यायची तर तेवढे भांडवल कोणाकडे नव्हते. तेव्हा प्रश्न उभा राहिला की भट्टी आपणच बांधली तर? माझे बाबा गवंडी आहेत. चिरे आणि माती यांत त्यांचा जन्म गेला. मी आमच्या घरातली कॉलेजात जाणारी पहिलीच. बांधकाम त्यांनी करायचे, विचारायचे आणि वहीत लिहायचे मी, अशी आमची वाटणी ठरली. मागील वर्षीच्या हिवाळ्यात भट्टी उभी राहिली आणि यंदाच्या दिवाळीत तिच्यात नानकटाई भाजली गेली. त्या वहीतूनच हा लेख तयार झाला आहे.

चूल आणि भट्टी यांतला भेद

चूल आणि भट्टी दोन्ही लाकडावर चालतात, म्हणून त्या बहिणी वाटतात. प्रत्यक्षात त्यांचे स्वभाव उलट आहेत. चुलीत जाळ भांड्याखाली असतो आणि जाळ आहे तोवरच काम चालते. जाळ विझला की चूल संपली. भट्टीत जाळ आतच, घुमटाखाली करतात. दोन-तीन तास तो जळतो, घुमट आणि तळ तापतात आणि मग आपण निखारे चक्क बाहेर ओढून काढतो! भाजण्याचे काम सुरू होते ते त्यानंतर. म्हणजे चूल ही आगीवर शिजवते, तर भट्टी आगीच्या आठवणीवर. माझे बाबा मालवणीत म्हणतात, "चुलीक वारो होयो, भट्टीक राखण होयी." चुलीला वारा लागतो, भट्टीला राखण लागते. राखण कसली, तर साठवलेल्या उष्णतेची.

उष्णता तीन मार्गांनी जाते हे आपण शाळेत शिकलो: वहन, अभिसरण आणि प्रारण. भट्टीत हे तिन्ही मार्ग एकाच वेळी काम करतात. तापलेल्या तळावरून पावाच्या बुडाला उष्णता मिळते ते वहन. आतली गरम हवा फिरत राहते ते अभिसरण. आणि तापलेला घुमट सर्व बाजूंनी पावावर आपली उष्णता टाकतो ते प्रारण. तव्यावर पदार्थ एका बाजूने भाजतो, उलटावा लागतो. भट्टीत तो न उलटता सगळीकडून भाजतो. नानकटाईला वरून तडे जातात आणि खालून तांबूस रंग येतो तो यामुळे.

एकदा ही गोष्ट मनात पक्की बसली की भट्टी ही आगीची जागा नसून उष्णतेची कणगी आहे हे उमजते. कणगीला काय लागते? धान्य राहील एवढे पोट, ते सांडू नये म्हणून कूड आणि भरायला-काढायला तोंड. भट्टीची सगळी मापे या तीन गोष्टींतून निघतात.

मापे

पहिले माप भट्टीचे नाही, पत्र्याचे. नानकटाई ज्या पत्र्यावर मांडावयाची तो आधी मोजावा. आमचे पत्रे 11 इंच रुंद आणि 14 इंच लांब आहेत. दोन पत्रे शेजारी मांडले की त्यांच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे अंतर सव्वीस इंचांच्या आसपास येते. म्हणून भट्टीच्या आतला व्यास 27 इंच, म्हणजे सव्वादोन फूट धरला. एका पत्र्यावर वीस, दोहोंवर मिळून चाळीस नानकटाया एका खेपेला बसतात.

घुमटाची आतली उंची 16 इंच ठेवली. उंची फार असली तर गरम हवा वर जाऊन बसते आणि तिचा पदार्थाला उपयोग होत नाही. फार कमी असली तर घुमट सपाट होतो आणि खचतो. माती दाब चांगला सोसते, ताण मात्र अजिबात सोसत नाही. घुमटात प्रत्येक ढेकूळ शेजारच्या ढेकळावर रेलून राहते, ओढ कोठे फारशी पडत नाही, म्हणून तुळईवाचून तो उभा राहतो. विजापूरचा गोलघुमट 1656 सालापासून याच न्यायाने उभा आहे. आपली भट्टी म्हणजे त्याचे परसातले धाकटे भावंड म्हणावयास हरकत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे माप, ते म्हणजे दाराची उंची. जगात ठिकठिकाणी मातीच्या भट्ट्या बांधणारे लोक एक प्रमाण मानतात: दाराची उंची घुमटाच्या आतल्या उंचीच्या साधारण 63 टक्के असावी. सोळा इंचांचे 63 टक्के म्हणजे दहा इंच. हे प्रमाण का? या भट्टीला धुराडे नसते. एकाच तोंडातून थंड हवा आत येते आणि धूर बाहेर जातो. थंड हवा जड, ती दाराच्या खालच्या अर्ध्यातून तळाला लागून आत शिरते, आगीला मिळते, तापून घुमटाच्या पाठीला घासत वर चढते, पुढे येते आणि दाराच्या वरच्या अर्ध्यातून धूर होऊन निघते. दार घुमटाएवढेच उंच असेल तर गरम हवा थांबत नाही, सरळ निघून जाते आणि लाकूड कितीही घातले तरी घुमट तापत नाही. दार फार बुटके असेल तर धूर आत कोंडतो, आग गुदमरते आणि भट्टी नुसती धुमसत राहते. 'भट्टी बिघडली' या वाक्प्रचाराची एक व्याख्या बहुधा या दोन-तीन इंचांत सापडेल. रुंदी मात्र पत्र्याने ठरवली. पत्रा 11 इंचांचा, हाताला मोकळीक दोन इंच, म्हणून दार 13 इंच रुंद.

भिंतीचे दोन थर असतात आणि त्यांची कामे वेगळी असतात. आतला चार इंचांचा थर घट्ट माती-वाळूचा. तो कणगीतले पोट, उष्णता साठवणारा. बाहेरचा चार इंचांचा थर पोकळ, माती आणि भाताच्या पेंढ्याचा. तो कूड, उष्णता अडवणारा. जड वस्तूत उष्णता साठते आणि जिच्यात हवा अडकलेली आहे अशी हलकी वस्तू ती अडवते. गोधडीत ऊब का राहते? कापडांच्या थरांत हवा अडकते म्हणून. पेंढ्याचा थर म्हणजे भट्टीची गोधडी. नुसती एका थराची जाड भिंत बांधली तर उष्णता आतून बाहेर सरकत राहते आणि भट्टी बाहेरून तापते. भट्टीची पाठ गरम लागते याचा अर्थ लाकूड अंगण तापवण्यात खर्च होत आहे, एवढाच.

माती

कोणतीही माती चालत नाही. देशावरची काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. शेतात उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा आपण पाहतोच. तशी माती घुमटाला नको. कुंभाराची चिकण माती उत्तम. आमच्याकडे चुलीसाठी वारुळाची माती वापरण्याची चाल आहे, कारण वाळवी बारीक चिकण माती वर आणते आणि तिच्यात खडा नसतो. आम्ही ओसाड पडलेल्या वारुळाची आणि शेताच्या बांधाखालची माती मिसळली.

माती पारखण्याची एक सोपी युक्ती आहे. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती घालावी, पाण्याने भरावी, जोराने हलवावी आणि रात्रभर ठेवावी. सर्वांत आधी वाळू तळाला बसते, तिच्यावर गाळ आणि सर्वांत शेवटी चिकण माती. तीन पट्टे डोळ्यांना दिसतात आणि आपल्या मातीत चिकणपणा किती ते कळते. बाबांना बरणीची गरज पडली नाही. त्यांनी ओल्या मातीची वात वळली, बोटाभोवती गुंडाळली, ती तुटली नाही तेव्हा "चलात" म्हणाले. बरणीने दुसऱ्या दिवशी तेच सांगितले.

चिकण मातीत वाळू घालावी लागते. चिकण माती वाळताना आक्रसते, वाळू आक्रसत नाही. वाळूचे कण एकमेकांना टेकून सांगाडा तयार करतात आणि चिकण माती त्यांना फक्त धरून ठेवते. आमचे प्रमाण एक भाग माती आणि अडीच भाग वाळू असे होते. वाळू खारट नसावी, कारण मीठ ओल धरून ठेवते. मिश्रण ताडपत्रीवर पसरून पायांनी तुडवावे. पाणी शक्य तेवढे कमी घालावे, कारण जेवढे पाणी जास्त तेवढे आक्रसणे जास्त. मुठीत दाबून केलेला गोळा कमरेच्या उंचीवरून टाकावा. तो पसरला तर पाणी जास्त झाले, भुगा झाला तर कमी झाले. जरासा चेपून अखंड राहिला तर मिश्रण तयार.

सिमेंट घातले तर पक्के होईल, असे अनेकांनी सुचवले. घराच्या भिंतीला ते खरे आहे, भट्टीच्या पोटाला नाही. साधे सिमेंट तीनशे-चारशे अंशांच्या पुढे कमकुवत होत जाते, कारण त्याला बांधून ठेवणारे, पाण्याच्या संयोगाने बनलेले पदार्थच त्या उष्णतेत मोडतात. माती मात्र आगीत भाजून आणखी कणखर होते. भट्टीपुरते तरी माती सिमेंटाला भारी आहे!

बांधणी

जागा घरापासून आणि गवताच्या उडवीपासून दूर, पण विहिरीच्या जवळ असावी. जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचे कमरेएवढे जोते बांधले, म्हणजे वाकून काम करावे लागत नाही. जोत्याच्या मधल्या पोकळीत दगडमाती भरून वर भाताच्या तुसाची राख आणि थोडी चिकण माती यांचा पाच इंचांचा थर दिला आणि त्यात काचेच्या रिकाम्या बाटल्या आडव्या पुरल्या. बाटलीतली हवा आणि राख ही तळाची गोधडी. ती नसेल तर जोत्याचे थंडगार चिरे सारी उष्णता पिऊन टाकतील.

त्यावर बोटभर वाळू सपाट करून फायर ब्रिक मांडल्या. या भट्टीच्या विटा होत. कोल्हापूरला ओतकामाचे कारखाने आहेत, तेथे त्या लागतात, म्हणून तेथून आणविल्या. नऊ इंच बाय साडेचार इंचांची एक वीट. आमच्या तळाला आणि दारापुढच्या उंबऱ्याला मिळून बावीस विटा पुरल्या. विकत आणलेली मोठी वस्तू काय ती एवढीच. विटांच्या सांध्यांत चुना किंवा माती भरावयाची नाही. तापल्यावर वीट किंचित वाढते, तिला वाढायला वाव हवा. आणि एक धोक्याची सूचना: नदीतले गोटे तळाला कधीही वापरू नयेत. त्यांत ओल मुरलेली असते, ती तापून वाफ झाली की गोटा फुटून उडतो.

आता घुमट. तो हवेत कसा बांधावयाचा? त्याची युक्ती फार सुंदर आहे. आधी ओल्या वाळूचा घुमट करावा. विटांवर 27 इंचांचे वर्तुळ आखून मध्ये 16 इंचांची काठी उभी करावी आणि काठी झाकेपर्यंत ओली वाळू चोपून घुमटाचा आकार द्यावा. सुमारे साडेतीन घनफूट वाळू लागते. त्यावर ओल्या वर्तमानपत्राचे कपटे चिकटवावेत, म्हणजे आतून वाळू काढताना कागद दिसला की थांबायचे हे कळते. कागदावर चार इंच जाडीचा मातीचा थर खालून वर, एकेक ओळ पूर्ण करीत चढवावा. गोळे आडवे एकमेकांत दाबावेत. वाळूच्या दिशेने दाबू नये, नाहीतर साचा ढळतो. हे काम एका दिवसात संपवावे. आमच्या वाडीतल्या पाच बायका, दोन मुलगे आणि बाबा असे आठजण राबले तेव्हा सूर्य मावळताना शेवटचा गोळा लागला.

माती इतकी आवळली की नख रुतते पण बोट रुतत नाही, तेव्हा 13 बाय 10 इंचांचे दार सुरीने कापावे आणि हाताने वाळू उकरून काढावी. आमच्या हवेत याला चार दिवस लागले. आतला कागद जळून जातो, तो सोलत बसू नये. मग पेंढ्याचा थर. चिकण माती ताकाएवढी पातळ कालवून तिच्यात पेंढ्याचे बोटभर तुकडे माखावे आणि ते चार इंच जाड थापावेत. येथे माती नावापुरतीच, पेंढा मुख्य. शेवटी माती, वाळू आणि शेण यांचा गिलावा.

आमच्या जिल्ह्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मातीच्या भट्टीचा खरा शत्रू आग नव्हे, पाऊस. म्हणून भट्टीवर चार खांबांचे कौलारू छप्पर घातले. जाळाची जीभ दारातून वर येते, तेव्हा छप्पर तेथे उंच ठेवावे.

पहिली आग

भट्टी उभी राहिली की लगेच जाळ करण्याचा मोह होतो. तो आवरावा. वाळलेल्या दिसणाऱ्या मातीतही पाणी असते. पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सोळाशे-सतराशे पट होते. तिला सावकाश निघायला वाट मिळाली नाही तर ती भिंत फोडून निघते. म्हणून आठवडाभर रोज थोड्या काटक्यांची लहान आग करावी आणि रोज ती थोडी वाढवावी. बारीक भेगा पडतातच. बोट जाईल एवढी भेग असेल तरच माती भरावी.

मोठ्या जाळासाठी लाकूड सुके हवे. ओल्या लाकडाच्या वजनात निम्मे पाणीही असू शकते. एक किलो उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे 540 किलोकॅलरी लागतात, त्या आपल्याच लाकडाच्या खिशातून जातात आणि धूर होतो तो वेगळा. छाटलेल्या फांद्या, नारळाचे सोड, करवंट्या असे घरचे सरपण एक पावसाळा आडोशाला ठेवून वापरावे. रंगवलेले लाकूड, प्लायवूड, पेट्यांच्या फळ्या कधीही जाळू नयेत. त्यांचा धूर विषारी असतो आणि आपण त्याच घुमटाखाली खाण्याची वस्तू ठेवणार असतो.

आग आधी दाराशी पेटवून हळूहळू आत सारावी. पहिल्या तासात घुमट आतून काजळीने काळा कुळकुळीत होतो. जाळ चढत गेला की एक चमत्कार दिसतो. वरच्या बाजूने ती काजळी नाहीशी होऊ लागते आणि घुमट पुन्हा मातीच्या रंगाचा होतो. काजळीही जळून जाईल इतकी उष्णता भिंतीत भरली, असा त्याचा अर्थ. उष्णतामापक नसलेल्या कारागिराचा हाच उष्णतामापक. अडीच-तीन तासांनी सगळा घुमट असा स्वच्छ झाला की भट्टी जमली!

उतरती उष्णता

निखारे लांब दांड्याच्या खोऱ्याने लोखंडी घमेल्यात ओढावेत. ते घमेले बंद खोलीत कधीही नेऊ नये, कारण निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास देत नाही आणि जीव घेतो. काठीला बांधलेल्या ओल्या पोतेऱ्याने तळ पुसावा, ओली फळी दाराला लावावी आणि अर्धा तास काहीही करू नये. या अर्ध्या तासात उष्णता सगळीकडे सारखी पसरते. मग पिठाची चिमूट तळावर टाकावी. लगेच काळी पडली तर थांबावे. अर्ध्या-पाऊण मिनिटात तांबूस झाली तर पावाची वेळ झाली.

येथून पुढे भट्टी आपल्याला एक शिस्त लावते. चुलीवर आपण जाळ कमी-जास्त करतो. भट्टीची उष्णता फक्त उतरत जाते, तेव्हा पदार्थांनीच रांगेत उभे राहावे लागते. सुमारे अडीचशे अंशांवर पाव. आपला 'पाव' हा शब्द पोर्तुगीजांच्या 'पाँव'वरून आला आणि गोव्यात पाववाल्याला पदेर म्हणतात तेही त्यांच्याच भाषेतून. पाव निघाले की उष्णता उतरून एकशे सत्तर-ऐंशीवर येते. ती नानकटाईची वेळ. तिच्यात तूप भरपूर, म्हणून जास्त उष्णतेत ती बाहेरून करपते आणि आतून कच्ची राहते. तिच्यानंतर टोस्ट. टोस्ट म्हणजे भाजलेल्या पावाचे काप पुन्हा मंद भट्टीत सुकवणे. 'बिस्किट' या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थही 'दोनदा भाजलेले' असाच आहे. थंडावणाऱ्या भट्टीची उष्णता वाया जाऊ नये या गरजेची खूण या शब्दात उरली आहे, असे मला वाटते. त्यानंतर शेंगदाणे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या उबेत आमसुले किंवा पुढच्या खेपेची लाकडे सुकवावीत.

हिशेब

मी सहज एक हिशेब मांडून पाहिला. आतल्या थराची माती सुमारे पावणेचार घनफूट, वजनाने दोनशे किलोच्या आसपास. एक किलो माती एक अंशाने तापवायला सुमारे 0.2 किलोकॅलरी लागते. सगळा थर सरासरी दोनशे अंशांनी तापवायचा तर 200 × 0.2 × 200 म्हणजे 8,000 किलोकॅलरी. एक किलो सुक्या लाकडातून साधारण साडेतीन हजार मिळतात. म्हणजे सव्वादोन-अडीच किलो लाकडात काम व्हावयास हवे. प्रत्यक्षात आम्हाला बारा किलो लागले. याचा अर्थ साठते ते जेमतेम पाचव्या हिश्शाएवढे. बाकीची उष्णता धुराबरोबर दारातून गेली, काही ओल सुकवण्यात, काही बाहेरच्या थरात.

हा हिशेब पाहून भट्टी उधळी आहे असे प्रथम वाटते. चाळीस नानकटायांसाठी बारा किलो लाकूड जाळणे हा वेडेपणाच. पण त्याच बारा किलोंत तीन खेपा नानकटाई, त्याआधी पाच घरांचे पाव, नंतर टोस्ट आणि शेंगदाणे झाले. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटवली तर भिंत आधीच कोमट असते, म्हणून लाकूड कमी लागते. तेव्हा भट्टी परवडते की नाही हे मातीवर जेवढे अवलंबून आहे, त्याहून अधिक रांगेत किती घरे उभी आहेत यावर आहे. एका घराला तिची उष्णता पुरून उरते. मध्ययुगीन फ्रान्समध्ये गावाची एकच भट्टी असे. ती जहागीरदाराची असे आणि पाव तेथेच, त्याला मोबदला देऊन भाजावे, अशी सक्ती असे. सक्ती वाईट खरीच, पण गावाला एक भट्टी पुरते हे गणित त्यामागे होतेच. आमच्याकडच्या बायका डबे घेऊन बेकरीत जात, तेव्हा त्याही हेच गणित नकळत मांडत होत्या.

लाकडाच्या धुराविषयी कोणी आक्षेप घेईल, तर तो रास्त आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये शहरातील लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. दाट वस्तीत रोज चालणाऱ्या भट्टीच्या बाबतीत ते योग्यच वाटते. रोजच्या स्वयंपाकासाठीही मी कोणाला भट्टी सुचवणार नाही. आमच्या घरी गॅस आला तेव्हा आईचे डोळे चुलीच्या धुरातून सुटले, ते सुख मी जाणते. ही भट्टी उघड्यावर आहे, महिन्यातून एक-दोनदा पेटते आणि घरच्या छाटणीवर चालते. तिची मर्यादा ओळखूनच ती वापरावी.

यंदा दिवाळीच्या आधीचे सहा दिवस भट्टी पेटली. गटाच्या सगळ्या ऑर्डरी वेळेवर गेल्या. पाचजणींनी लाकडाची वाटणी केली, पाळ्या लावल्या, कोणाचा पत्रा आधी आणि कोणाचा नंतर हे वहीत लिहिले. ही वही आता माझ्याकडे नाही, आईकडे असते. तिला अक्षरओळख बेताचीच. पण 'पाव', 'कटाई', 'दाणे' हे तीन शब्द आणि त्यांच्यापुढचे आकडे ती स्वतः लिहिते.

चूल वेगळी करता येते, म्हणूनच तर तो वाक्प्रचार झाला. 'भट्टी वेगळी केली' असे मराठीत कोणी म्हणत नाही. भाषेला हे आधीपासून ठाऊक असावे. भट्टी बांधू इच्छिणाऱ्याने माती आणि वाळू जमवावी, विटा आणाव्या, दहा इंचांचे दार मोजावे. पण त्याआधी चार शेजारी जमवावेत. बाकी सगळे त्यानंतर जमते.